व्हर्च्युअल सिरियल पोर्ट लिहिताना रेघ कुठं मारायची

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं उद्यमबागेत शिरलं की फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकवाले सगळे एकाला एक चिकटून, आणि त्यातल्या कितीतरी शेडमध्ये अजून एक जुनं व्हीएमसी (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) आणि त्याच्या शेजारी धूळ खात बसलेला डॉसवाला पीसी अशी जोडी असतेच. मशीन ठणठणीत आहे, स्पिंडल ठीक, काम रोज निघतंय, मग कंट्रोल जुना झाला म्हणून कोण एवढं लोखंड भंगारात घालणार. फक्त कंट्रोलची मेमरी तुटपुंजी. जुन्या फॅनक कंट्रोलची मेमरी तर मीटरमध्ये सांगायचे, कारण हिशेब पेपर टेपचा, ८० मीटर म्हणजे साधारण ३२ केबी. डाय-मोल्डचा थ्रीडी प्रोग्राम काही एमबीचा असतोय, तो त्यात मावायचा प्रश्नच नाही, म्हणून ड्रिप फीड: पीसी एकेक ओळ पाठवणार, मशीन कापत जाणार, पोट भरलं की थांब म्हणणार, रिकामं झालं की परत दे म्हणणार.

अडचण पीसीची. मदरबोर्ड गेला की तसला परत मिळत नाही, नवीन पीसीला सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारं जुनं सॉकेट) नाही, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिट डॉस प्रोग्राम चालतच नाही. नवीन डीएनसी (पीसीवरून मशीनला प्रोग्राम पाठवणारं) सॉफ्टवेअर घ्या म्हणायला सोपं, पण ज्या सेटरकाकांनी आयुष्यभर त्या एका निळ्या स्क्रीनवर एफ३ दाबून प्रोग्राम सोडलाय त्यांना तेच पाहिजे असतंय. म्हणून मी फावल्या वेळात एक छोटा पीसी एमुलेटर (जुन्या पीसीची सॉफ्टवेअरमधली नक्कल) लिहितोय, ज्यात तो डॉस प्रोग्राम आहे तसा चालावा आणि त्याचं कॉम-१ (पहिला सिरियल पोर्ट) खऱ्या केबलला जोडलेलं असावं. तयार एमुलेटर आहेत हे माहीत आहे, डॉसबॉक्समध्ये डायरेक्ट सिरियल आहे, क्यूएमू आहे, पण मला ते आतून बघायचं होतं, हौस म्हणा.

सीपीयूचा भाग लोकांनी इतक्या वेळा लिहिलाय की त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी मजा सिरियल पोर्टमध्ये निघाली. त्यातसुद्धा चिपमध्ये नाही, चिप आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये जो इंटरफेस लागतो त्यात.

आधी चिपचं, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणाऱ्या यूआर्टचं, थोडक्यात सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५० होती, नंतर १६४५०, मग १६५५०, जिच्या पहिल्या आवृत्तीतला फिफो (बाइटची रांग) बिघडलेला होता म्हणून १६५५०ए. कॉम-१ म्हणजे पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू ४, म्हणजे प्रोसेसरला हाक (इंटरप्ट) मारायची लाइन. आठ रजिस्टर. घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झ, त्याला १६ ने भागलं की ११५२००, आणि त्याला तुमच्या डिव्हायझरने भागलं की बॉड रेट (सेकंदाला किती बिट), म्हणजे ९६०० साठी १२ आणि ४८०० साठी २४. डेटाशीट समोर ठेवून बसलं तर चिप दोन-चार संध्याकाळचं काम आहे, इंटरप्टची प्रायॉरिटी नीट पाळायची (आधी लाइन स्टेटस, मग आलेला डेटा, मग ट्रान्समिट रिकामं, शेवटी मॉडेम स्टेटस), लूपबॅक चिपच्या आतच ठेवायचं, ओयूटी-२ चा बिट चालू नसेल तर पीसीत इंटरप्ट बाहेरच पडत नाही हे विसरायचं नाही, झालं.

मग प्रश्न येतो की ह्या चिपच्या पलीकडं काय आहे. पलीकडं खरा पोर्ट असेल, यूएसबी अडॅप्टर असेल, टीसीपी सॉकेट असेल, लिनक्सचा पीटीवाय (सॉफ्टवेअरमधलं खोटं टर्मिनल) असेल, नुसती फाइल असेल, नाहीतर त्याच एमुलेटरमध्ये चालणारं दुसरं मशीन असेल. अलीकडंही एकच चिप नाही, पीसीत ८२५०, जुन्या ॲपल-कमोडोरवाल्यांकडं ६५५१, झेड-८० वाल्यांकडं एसआयओ. प्रत्येक चिपला प्रत्येक बॅकएंड, म्हणजे पलीकडची वस्तू, हाताने जोडत बसलं तर संपलंच, म्हणून मध्ये एक रेघ मारावी लागते, आणि सगळं डिझाइन म्हणजे ती रेघ कुठं मारायची एवढंच आहे.

बहुतेक जण पहिल्यांदा ती बाइटच्या पाइपवर मारतात. दोन फंक्शन, एक बाइट पाठव, एक बाइट घे, संपलं. टर्मिनलवर लॉगिन प्रॉम्प्ट दिसायला एवढं भरपूर आहे, आणि म्हणूनच फसायला होतंय, कारण प्रॉम्प्ट दिसला की माणसाला वाटतं पोर्ट झाला. पण केबलमधून नुसते बाइट जात नाहीत. ब्रेक जातो, म्हणजे लाइन एका कॅरॅक्टरपेक्षा जास्त वेळ दाबून धरणं, आणि तो कुठल्याच बाइटमध्ये बसत नाही (लिनक्सचं मॅजिक सिसआरक्यू सिरियल कन्सोलवर त्यावरच चालतं). डीटीआर, आरटीएस ह्या 'मी तयार आहे' सांगणाऱ्या लाइनी जातात, उलटीकडून सीटीएस, डीएसआर, डीसीडी, आरआय येतात. पॅरिटीची (चूक पकडायच्या बिटाची) चूक, फ्रेमिंगची (कॅरॅक्टरची सुरुवात-शेवट न जुळण्याची) चूक येते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ जातो.

माझं मत असं झालंय की रेघ त्या डी आकाराच्या कनेक्टरवर मारावी. अलीकडं चिप, पलीकडं जग, मध्ये ते ९ पिनचं सॉकेट. आरएस-२३२ हे १९६० चं स्टँडर्ड, सी आवृत्ती १९६९ ची, त्या लोकांनी नेमकं तिथंच ठरवून ठेवलंय की कुठल्या पिनेवर कोण बोलणार आणि कोण ऐकणार. ते एवढी वर्षं टिकलंय तर आपण नवीन जागा कशाला शोधा. इंटरफेसमध्ये काय असावं असा प्रश्न पडला की मी बघतो, ही गोष्ट त्या सॉकेटवर मीटर किंवा स्कोप लावून दिसेल काय. दिसत असेल तर इंटरफेसमध्ये, नसेल तर चिपच्या आत. फिफो किती भरलाय हे सॉकेटवर दिसत नाही, आत. इंटरप्ट दिसत नाही, आत. डीटीआर दिसतो, इंटरफेसमध्ये.

बॉड रेट दिसतो काय? दिसतो, बिटची रुंदी मोजली की. म्हणून प्रत्येक कॅरॅक्टरबरोबर त्याचा फॉरमॅटही जातो, किती बिट, कुठली पॅरिटी, किती स्टॉप, एक बिट किती वेळाचा. बॅकएंड टीसीपी असेल तर तो बिनधास्त दुर्लक्ष करू दे. पण दोन एमुलेटेड मशीन एकमेकांना जोडली आणि एक ९६०० वर, दुसरं ४८०० वर असेल तर मला कचरा आणि फ्रेमिंग एररच पाहिजे, कारण वर्कशॉपमध्ये नेमकं तेच होतं, आणि शिकणाऱ्या पोराला ते घरी बसून बघता आलं तर बरंच.

इथं एक बारीक गोष्ट आहे. डिव्हायझर १६ बिटचा, पण लिहिताना दोन बाइटमध्ये लिहितात, आधी एलसीआरचा (लाइन कंट्रोल रजिस्टरचा) सातवा बिट (डीलॅब) चालू करायचा, मग खालचा बाइट, मग वरचा, मग डीलॅब बंद. प्रत्येक लिखाणाला तुम्ही बॅकएंडला 'बॉड बदलला' असं सांगत बसला तर मधल्या क्षणी काहीतरी भलताच रेट तयार होतो, कधी शून्याने भागायची वेळ येते, आणि खरा पोर्ट असेल तर त्या भलत्या रेटसाठी ऑपरेटिंग सिस्टिमला कॉलही गेलेला असतो. म्हणून डीलॅब बंद होईपर्यंत गप्प राहायचं आणि मग एकदाच सांगायचं.

आता वेळेचं. ४८०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप हे जुन्या सीएनसीवर नेहमी दिसणारं सेटिंग. स्टार्ट बिट धरून एका कॅरॅक्टरला ११ बिट, म्हणजे सेकंदाला ४३६ च्या आसपास कॅरॅक्टर, एकाला साधारण २.३ मिलिसेकंद. आळशी एमुलेटर काय करतो, गेस्टने (आत चालणाऱ्या डॉस प्रोग्रामने) बाइट लिहिला की लगेच बॅकएंडला देतो आणि लगेच 'ट्रान्समिटर रिकामा' असा बिट लावतो. वेळ शून्य. खऱ्या चिपवर असं कधीच होत नसल्यामुळं ड्रायव्हर गोंधळतात, इंटरप्ट हँडलरमधून बाहेर पडायच्या आत पुढचा इंटरप्ट हजर, आणि लिनक्सचा '८२५०: टू मच वर्क फॉर आयआरक्यू ४' हा मेसेज व्हर्च्युअल मशीनवर ज्यांनी बघितलाय त्यांना हे माहीत असणार. उलट्या दिशेनेही तसंच, टीसीपी सॉकेटवरून हजारो बाइट एकदम आले आणि ते तसेच चिपमध्ये ढकलले तर १६ बाइटचा फिफो कुठं पुरणार. क्यूएमूने ह्यासाठी चांगली पद्धत ठेवलीये, बॅकएंड आधी चिपला विचारतो की तुझ्यात किती मावतील, आणि तेवढेच देतो. डॉसबॉक्सच्या डायरेक्ट सिरियलमध्ये आरएक्स-डिले नावाचं सेटिंग आहे, तेही ह्याच दुखण्यावरचं औषध.

म्हणजे कॅरॅक्टरला त्याचा वेळ द्यायचा, गेस्टच्या घड्याळाप्रमाणे २.३ मिलिसेकंद झाल्याशिवाय रिकामं म्हणायचं नाही. इथपर्यंत बरेच जण येतात. पण ड्रिप फीडला एवढंही पुरत नाही, आणि मला ह्या सगळ्या प्रकारात सगळ्यात आवडलेली भानगड तीच आहे.

मशीनचं पोट भरलं की कंट्रोल डीसी-३ पाठवतो, म्हणजे १३ हेक्स, 'थांब'. परत पाहिजे असेल तेव्हा डीसी-१, ११ हेक्स. फॅनकच्या जुन्या मॅन्युअलमध्ये अलार्म ०८७ आहे, बफर ओव्हरफ्लो, आणि त्याचा अर्थ असा दिलाय की थांब म्हटल्यावरसुद्धा १० कॅरॅक्टर वाचून झाले तरी इनपुट थांबलं नाही. दहा. म्हणजे ४८०० वर २३ मिलिसेकंद, त्याच्या आत समोरच्याचं तोंड बंद झालं पाहिजे. १६५५० चा ट्रान्समिट फिफोच १६ चा, तो भरलेला असताना थांब आलं तर चिपच्या पोटात असलेलेच दहापेक्षा जास्त बाहेर पडणार. म्हणूनच जुने जाणकार डीएनसीच्या पीसीत डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ट्रान्समिट बफर अगदी कमी करून ठेवतात. नळाची चावी टाकीजवळ बंद केली तरी पाइपात असलेलं पाणी येतच राहतंय, तसं आहे ते, आणि एमुलेटरमध्ये हा पाइप फार लांब होतो: चिप, मग एमुलेटरची रांग, मग ऑपरेटिंग सिस्टिमची रांग, मग यूएसबी, मग अडॅप्टरची स्वतःची रांग, आणि मग केबल. परतीच्या वाटेवरही उशीर, एफटीडीआय चिपच्या अडॅप्टरला लेटन्सी टायमर डिफॉल्ट १६ मिलिसेकंद असतो, म्हणजे डीसी-३ येऊन अडॅप्टरातच १६ मिलिसेकंद बसू शकतो, २३ पैकी १६ तिथंच गेले. (तो १ वर आणता येतो, आणा.)

आता कुणी म्हणेल की गेस्ट दर २.३ मिलिसेकंदाला एकच कॅरॅक्टर देतोय, केबलही त्याच वेगाने नेतेय, मग रांग साठेल कशाला. साठते, कारण घड्याळं दोन आहेत. होस्ट मशीनवर (ज्यावर एमुलेटर चालतोय त्या पीसीवर) अँटीव्हायरस सुरू झाला, एमुलेटर ५० मिलिसेकंद अडला, मग राहिलेला वेळ भरून काढायला गेस्टचं घड्याळ धावलं, त्या धावण्यात वीसेक कॅरॅक्टर एकदम रांगेत पडले. गेस्टच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे, त्याने आपल्या घड्याळाप्रमाणे एकेकच दिलाय. केबल मात्र आपल्याच चालीने चाललीय. तेवढ्यात मशीन थांब म्हणालं, डॉस प्रोग्राम लगेच थांबला सुद्धा, पण रांगेतले वीस जातातच. आणि शेडमधून आवाज येतो, "काय गा, प्रोग्राम जाऊलालाय म्हणून सांगितलास, हिकडं ०८७ आलाय की!"

म्हणून माझ्या इंटरफेसमध्ये बाइटच्या बरोबरीने एक उलटी गोष्ट आहे, तिला मी क्रेडिट म्हणतो. बॅकएंड चिपला सांगतो की केबलवरून खरंच एक कॅरॅक्टर गेला, आता पुढचा दे. चिप 'रिकामं' असं म्हणणार ते दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच: गेस्टच्या घड्याळाप्रमाणे कॅरॅक्टरचा वेळ झाला, आणि क्रेडिट आलं. फाइल, टीसीपी, पीटीवाय असले बॅकएंड क्रेडिट लगेच देऊन टाकतात, तिथं गेस्टचं घड्याळ मालक. खरा पोर्ट असेल तर केबल मालक. लिनक्सवर खऱ्या पोर्टच्या रांगेत किती शिल्लक आहे ते टीआयओसी-आउटक्यू ह्या आयोक्टलने (कर्नलला विचारायच्या कॉलने) कळतं, एक किंवा दोनपेक्षा जास्त शिल्लक असेल तर क्रेडिट द्यायचं नाही, एवढा साधा नियम. यूएसबीच्या पलीकडं अडॅप्टरात किती साठलंय ते ह्याने नेहमी कळत नाही, म्हणून तिथं बॅकएंडने स्वतःच्या घड्याळाने कॅरॅक्टरचा वेळ मोजून क्रेडिट सोडायचं.

कर्नललाच एक्सऑन-एक्सऑफ (हेच डीसी-१, डीसी-३ चं दे-थांब) करायला सांगावं हाही मार्ग आहे, टर्मिऑसमध्ये (लिनक्सच्या पोर्ट सेटिंगमध्ये) आयएक्सऑन लावला की डीसी-३ दिसताक्षणी कर्नल स्वतः थांबतो, पटकन. मी तो मुद्दाम बंद ठेवलाय. कारण मग डीसी-१, डीसी-३ कर्नल गिळून टाकतो, गेस्टपर्यंत पोचतच नाहीत, आणि त्या निळ्या स्क्रीनवर जो 'वेट' म्हणून लुकलुकणारा शब्द असतोय तो कधीच लुकलुकत नाही. सेटरकाका त्याच शब्दाकडं बघून चहाला जायचं की नाही ठरवतात.

मॉडेमच्या लाइनींचं त्या मानाने सोपं. खऱ्या पोर्टला त्या आहेत. पीटीवायला नाहीत. साध्या टीसीपीलाही नाहीत, पण आरएफसी २२१७ (इंटरनेटचं एक मानक), १९९७ ची, टेलनेटवर बॉड, पॅरिटी, डीटीआर, आरटीएस आणि उलटीकडच्या लाइनी पाठवायची सोय देते, म्हणून नेटवर्कवरचा पोर्ट करायचा असेल तर कच्च्या सॉकेटपेक्षा तेच करा. तर प्रत्येक बॅकएंड जोडताना सांगतो की मला काय काय येतं. ज्याला लाइनी येत नाहीत त्याच्यासाठी काय दाखवायचं? सगळ्या बंद दाखवल्या तर हार्डवेअर हँडशेक मागणारा प्रोग्राम जन्मभर वाट बघत बसेल. सगळ्या चालू दाखवायच्या. आमच्याकडं २५ पिनच्या कनेक्टरात ४ आणि ५ जोडतात, ६, ८ आणि २० एकत्र जोडतात, म्हणजे मशीनला वाटतं समोर कोणीतरी तयार आहे. डिफॉल्ट म्हणजे तोच सोल्डरचा थेंब. फक्त मी तो चिपमध्ये किंवा बॅकएंडमध्ये लपवला नाही, मध्ये 'केबल' म्हणून वेगळी वस्तू केली. सरळ केबल, नल मॉडेम (टीएक्स-आरएक्स उलटे, आरटीएस-सीटीएस उलटे, डीटीआर समोरच्या डीएसआर आणि डीसीडीला), आणि जंपरवाली. दोन मशीन जोडताना कोण मॉडेम आणि कोण कॉम्प्युटर ही वादावादी केबलमध्येच मिटते, चिपवाल्याला आपण नेहमी एकाच बाजूला आहोत असं समजून लिहिता येतं. एवढ्या एका निर्णयाने माझ्या कोडमधले निम्मे इफ-एल्स गेले.

एका ठिकाणी ही कनेक्टरची रेघ थोडी दुखते. काही मशीनला यूआर्टच नाही. कमोडोर ६४ चं आरएस-२३२ सॉफ्टवेअरमध्ये होतं, प्रोसेसरच टायमर लावून एकेक बिट पिनेवर वरखाली करायचा. तिथं कॅरॅक्टर नावाची वस्तू सॉकेटवर येतच नाही, नुसती लेव्हल बदलते. मेम ह्या जुनी गेम मशीन चालवणाऱ्या एमुलेटरवाले म्हणूनच बिटच्या पातळीवर सिरियल चालवतात, आणि त्यांच्याकडं इतक्या तऱ्हेची मशीन आहेत की त्यांना तेच बरोबर आहे. माझ्या पीसीला ते नको, ११५२०० वर सेकंदाला तेवढेच टायमर इव्हेंट कशाला सांभाळा. पण इंटरफेसला दोन बोली येऊ देत, कॅरॅक्टर आणि लेव्हल, आणि मध्ये एक अनुवादक जो लेव्हल बघून स्टार्ट बिट ओळखतो आणि कॅरॅक्टर बांधतो. लागला तरच जोडायचा.

सेव्ह-स्टेटवर माझी थोडी डोकेफोड झाली. एमुलेटरमध्ये मशीनची अवस्था साठवून नंतर परत तिथून सुरू करता येते, गेममध्ये हे छान आहे. चिपची अवस्था साठवणं सोपं, रजिस्टर, फिफो, चालू कॅरॅक्टरचा किती वेळ राहिलाय. फाइल किंवा रेकॉर्डिंग बॅकएंड असेल तर आलेल्या प्रत्येक गोष्टीवर गेस्टच्या वेळेचा शिक्का असतो, त्यामुळं मागं जाऊन तेच सगळं परत तसंच घडवता येतं, बग शोधायला फार उपयोगी. टीसीपी असेल तर समोरच्याला काही माहीत नाही, तिथं मागं गेल्यावर डीसीडी एकदा बंद करून चालू करायची, म्हणजे गेस्टला कळतं की फोन कट झाला होता. पण खऱ्या पोर्टच्या पलीकडं कटर लोखंडात रुतून फिरत असतोय. तिथं प्रोग्राम चार ओळी मागं गेला तर त्याच ओळी दुसऱ्यांदा मशीनवर जातील, आणि त्यात एखादी इन्क्रिमेंटल (आहे त्या जागेपासून पुढं मोजलेली) चाल असली तर टूल, जॉब, नशीब वाईट असेल तर स्पिंडलही. म्हणून खऱ्या पोर्टचा बॅकएंड 'माझं जग मागं जात नाही' असं जोडतानाच सांगतो, आणि तो जोडलेला असेपर्यंत एमुलेटरच्या मेनूमध्ये 'लोड स्टेट' पुसट दिसतं, दाबलं तरी काही होत नाही.